बोलविता धनी कोण? अमेरिकेतील ब्रॉडबँड उद्योगसंघ आणि जनसंपर्क संचालकाचे पद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

आधुनिक उद्योगांच्या इतिहासात भांडवलदार, अभियंते आणि कामगार यांच्या भूमिकांचा परामर्श विपुल प्रमाणात घेतला गेला आहे. त्या मानाने उद्योगांच्या वतीने बोलणारा जो पगारी वर्ग विसाव्या शतकात उदयास आला, त्याच्याकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले. एखादी कंपनी आपला माल खपावा म्हणून जाहिरात करते, हे सर्वपरिचित आहे. परंतु एकाच व्यवसायातील परस्परस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन संघ स्थापन करतात आणि त्या संघाची बाजू सरकार, वृत्तपत्रे व जनता यांच्यापुढे मांडण्यासाठी एका अधिकाऱ्याची नेमणूक करतात, तेव्हा तो अधिकारी नेमका कोणाचा आवाज असतो, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ब्रॉडबँड म्हणजेच वेगवान इंटरनेट जोडणी पुरविणाऱ्या कंपन्यांच्या संघांचा आणि त्यांतील जनसंपर्क संचालकाच्या पदाचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय आपणा अध्यापकांस दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि या इतिहासाच्या आरंभीच्या टप्प्यात महाविद्यालये, प्राध्यापक आणि क्रमिक पुस्तके यांनाच प्रचाराचे साधन करण्यात आले होते. शिवाय महापालिकेच्या विकास आराखड्यावर ज्याप्रमाणे आपल्याकडे 'हरकती व सूचना' मागविल्या जातात, त्याप्रमाणे अमेरिकेत केंद्रीय आयोगांनी नवे नियम करण्यापूर्वी जनतेचे अभिप्राय मागविण्याची पद्धत १९४६ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर अ‍ॅक्टने घालून दिली. हे अभिप्राय पुढे इतिहासकाराची साधने होतात. ती साधनेच बनावट निघाली तर काय, हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही.

पदाचे स्वरूप

ज्याला इंग्रजीत 'कम्युनिकेशन्स डायरेक्टर' म्हणतात, त्या अधिकाऱ्याचे दैनंदिन काम वरकरणी साधे आहे. प्रसिद्धिपत्रके काढणे, वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, अध्यक्षांची भाषणे लिहिणे, उद्योगाने वर्षभरात किती गुंतवणूक केली याचे आकडे प्रसिद्ध करणे, काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्ष देणाऱ्यांसाठी मुद्द्यांची टिपणे तयार करणे, जनमत चाचण्या करवून घेणे ही त्यातील मुख्य कामे होत. वृत्तपत्रांत दुसऱ्याच्या नावाने येणाऱ्या लेखाचा मसुदा करून देणे हेही त्यात येते.

कंपनीच्या प्रवक्त्यापेक्षा संघाच्या प्रवक्त्याची स्थिती मूलतः निराळी असते. कंपनीच्या प्रवक्त्याला मालक एक; संघाच्या प्रवक्त्याला मालक अनेक, आणि तेही बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. साहजिकच सर्व सदस्यांस मान्य होईल तेवढेच त्याला बोलता येते. बड्या शहरी कंपनीला जे हवे ते ग्रामीण भागातील छोट्या कंपनीला परवडत नाही. तेव्हा निवेदनातील मुद्दे एकेक करून गळत जातात आणि शेवटी 'गुंतवणूक', 'नवोपक्रम', 'हलके नियमन' असे शब्द उरतात, ज्यांवर कोणाचाच आक्षेप नसतो. या क्षेत्रातील निवेदने नीरस असतात याचे कारण लेखकाचे दौर्बल्य नव्हे. ती अनेकांच्या तडजोडीतून जन्मास येतात.

संघांच्या नावांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील पॉट्सव्हिल या डोंगराळ भागातील गावी काही छोटे व्यावसायिक एकत्र आले. डोंगरावर उंच अँटेना उभारून तारेने घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा त्यांचा धंदा होता आणि त्यांच्या सेवेवर केंद्र सरकारने लादलेला आठ टक्के कर ही त्यांची तक्रार होती. मार्टिन मलार्की यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संघाच्या नावात प्रथम 'कम्युनिटी टेलिव्हिजन' हे शब्द होते. १९६८ मध्ये 'केबल' हा शब्द आला, २००१ मध्ये 'टेलिकम्युनिकेशन्स' जोडला गेला आणि २०१६ मध्ये केबल हा शब्दच गाळून 'एनसीटीए – द इंटरनेट अँड टेलिव्हिजन असोसिएशन' असे नाव घेण्यात आले. दूरध्वनी कंपन्यांच्या संघाची कथा याहून विलक्षण आहे. १८९७ मध्ये बेल कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध स्वतंत्र दूरध्वनी कंपन्यांनी हा संघ उभारला. पुढे बेलच्या वारस कंपन्याच त्याच्या प्रमुख सदस्य झाल्या आणि 'यूएसटेलिकॉम' या नावाखाली तो स्वतःस 'ब्रॉडबँड असोसिएशन' म्हणवू लागला. ज्याच्याविरुद्ध संघ उभा राहिला, त्याच्याच वतीने बोलण्याची पाळी प्रवक्त्यांवर आली.

ब्रॉडबँड म्हणजे किती वेग, हाही शब्दांचाच लढा होता. एफसीसी अर्थात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाने २०१० मध्ये सेकंदाला ४ मेगाबिट ही किमान मर्यादा ठरविली, जानेवारी २०१५ मध्ये ती २५ वर नेली आणि मार्च २०२४ मध्ये १०० वर. २०१५ च्या वाढीस एनसीटीएने विरोध केला होता. मर्यादा वाढली की कालपर्यंत 'ब्रॉडबँड मिळालेली' लाखो घरे एका दिवसात 'न मिळालेली' ठरतात, हे त्याचे सरळ कारण दिसते.

या पदाचे सर्वच कार्य संशयास्पद मानणे मात्र न्याय्य होणार नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत एफसीसीच्या आवाहनावरून शेकडो कंपन्यांनी आणि त्यांच्या संघांनी, बिल थकले तरी जोडणी न तोडण्याची प्रतिज्ञा केली. ती माहिती ग्राहकांपर्यंत जलद पोहोचविण्यात संघांची यंत्रणा निःसंशय उपयोगी पडली. तेथे बोलणारा कोण आणि कोणाच्या वतीने बोलतो, हे उघड होते.

१९०६ चा संकल्प आणि १९३५ च्या तारा

हा उघडपणा हाच या व्यवसायाचा मूळ संकल्प होता, ही गोष्ट विसरली जाते. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने काम करताना आयव्ही ली यांनी वृत्तपत्रांकडे एक जाहीरनामा पाठविला. आपले काम गुप्त नाही, आपण जाहिरात करीत नसून माहिती पुरवितो, आणि कोणाच्या वतीने बोलतो ते सांगून बोलतो, असा त्याचा आशय होता. लींच्या पुढील कारकिर्दीवर अनेक आक्षेप घेतले गेले आणि ते निराधार नव्हते. तरीही मापदंड त्यांनीच घालून दिला होता. या व्यवसायाची परीक्षा त्याच्याच शब्दांनी करता येते, म्हणून या जाहीरनाम्याचे महत्त्व.

या मापदंडापासूनचे पहिले मोठे स्खलन वीज उद्योगात घडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिकागोचे वीजसम्राट सॅम्युअल इन्सल हे इलिनॉय राज्याच्या संरक्षण परिषदेचे प्रमुख होते. युद्धप्रचाराचे तंत्र त्यांनी जवळून पाहिले आणि १९१९ मध्ये त्याच धर्तीवर सार्वजनिक सेवा कंपन्यांची माहिती समिती स्थापन केली. नॅशनल इलेक्ट्रिक लाइट असोसिएशन या १८८५ पासूनच्या उद्योगसंघाने हा नमुना अनेक राज्यांत नेला. वीजपुरवठा नगरपालिकांच्या मालकीचा असावा की खाजगी कंपन्यांच्या, हा त्या काळी ज्वलंत वादाचा विषय होता आणि संघाला जनमत खाजगी मालकीच्या बाजूस वळवावयाचे होते.

१९२८ मध्ये सिनेटच्या ठरावानुसार फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी सुरू केली. त्यातून जे बाहेर आले, ते आपणा अध्यापकांस अंतर्मुख करणारे आहे. संघाच्या समित्यांनी शाळांतील नागरिकशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या पुस्तकांची छाननी केली होती. प्रतिकूल मजकूर बदलावा म्हणून प्रकाशकांवर दबाव आणला होता. प्राध्यापकांना व्याख्यानांसाठी, संशोधनासाठी आणि 'सल्ल्यासाठी' मानधन दिले होते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला समोरचे ज्ञान निरपेक्ष वाटत होते आणि त्यामागचा धनको त्याला दिसत नव्हता. पैसे घेणारा प्रत्येक प्राध्यापक खोटे बोलत होता, असे मुळीच नाही. कित्येकांची मते आधीपासूनच तशी असतील. परंतु मानधनाची गोष्ट श्रोत्यापासून लपविली गेली, एवढ्यानेच त्यांच्या प्रामाणिक मताचेही मोल घटले. शिवाय या खर्चाचा बोजा विजेच्या दरात मिसळून ग्राहकांवरच पडत होता. अर्नेस्ट ग्रुनिंग यांनी १९३१ मध्ये या प्रकरणावर लिहिलेल्या ग्रंथास 'द पब्लिक पेज' हे नाव दिले, ते याच कारणाने. १९३२ मध्ये इन्सल यांचे साम्राज्य कोसळले आणि पुढच्याच वर्षी हा बदनाम संघ विसर्जित करून एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट हा नवा संघ उभारण्यात आला.

यानंतरचा प्रसंग ब्रॉडबँडच्या इतिहासाशी आश्चर्यकारक साम्य दाखवितो. १९३५ मध्ये वीज उद्योगातील धारक कंपन्यांवर नियंत्रण आणणारे विधेयक काँग्रेसपुढे आले. विरोधाच्या तारा आणि पत्रे यांचा पाऊस पडू लागला. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी डेनिस ड्रिस्कॉल यांना एकट्या वॉरन या छोट्या गावाहून आठशेहून अधिक तारा आल्या. पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे इंग्रजी वर्णमालेतील आरंभीच्या अक्षरांनी सुरू होत होती, हे त्यांच्या ध्यानात आले. सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या चौकशी समितीपुढे खुलासा झाला. असोसिएटेड गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या माणसाने त्या तारा पाठविल्या होत्या आणि नावे नगरसूचीतून उचलली होती. सह्या गोळा करण्यासाठी तार पोहोचविणाऱ्या एका पोऱ्याला दर सहीमागे तीन सेंट मिळाले होते. तारांच्या मूळ प्रती जाळून टाकण्यात आल्या होत्या. नगरसूचीची पुढची पाने उलटण्याचे कष्ट त्या माणसाने घेतले असते, तर कदाचित इतिहासाला हे कळलेच नसते. विधेयक ऑगस्ट १९३५ मध्ये, काहीशा सौम्य रूपात का होईना, कायदा झाले.

इंटरनेटची बाजू आणि २०१७ चे दप्तर

ब्रॉडबँडच्या क्षेत्रातील मुख्य वाद नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीने तीवरून जाणाऱ्या सर्व मजकुरास समान वागणूक द्यावी की नाही, याचा आहे. 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' ही संज्ञा टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली. कायदेशीर कळीचा मुद्दा असा की इंटरनेट जोडणी ही दूरध्वनीसारखी सार्वजनिक सेवा मानावी की केवळ 'माहिती सेवा'. या वादातील प्रमुख खटल्यांच्या नावांतही उद्योगसंघच वादी-प्रतिवादी म्हणून दिसतात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'एनसीटीए विरुद्ध ब्रँड एक्स' या निकालात माहिती सेवेचे वर्गीकरण उचलून धरले. एफसीसीने फेब्रुवारी २०१५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते उलटविले, तेव्हा आव्हान देणारा संघ यूएसटेलिकॉम होता आणि २०१६ मध्ये तो हरला. २०१५ चा निर्णय घेणारे अध्यक्ष टॉम व्हीलर हे १९७९ ते १९८४ या काळात स्वतः केबल उद्योगसंघाचे प्रमुख होते, तर २००१ ते २००५ या काळात एफसीसीचे अध्यक्ष असलेले मायकेल पॉवेल २०११ पासून त्याच संघाचे प्रमुख झाले. माणसे एका दारातून दुसऱ्या दारात जात होती. व्हीलर यांच्या उदाहरणावरून एवढे मात्र दिसते की पूर्वीच्या खुर्चीवरून नंतरच्या निर्णयाचे भाकीत करता येत नाही.

२०१४ पर्यंत या विषयात सामान्य जनतेला फारसा रस नव्हता. त्या वर्षी जून महिन्यात विनोदकार जॉन ऑलिव्हर यांनी दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांना अभिप्राय पाठविण्याचे आवाहन केले आणि एकूण अभिप्रायांची संख्या सुमारे ३७ लाखांवर गेली. उद्योगसंघांच्या जनसंपर्क विभागांपुढे हे नवेच संकट होते. आजवर त्यांनी आयोगाशी वकिली भाषेत आणि वृत्तपत्रांशी आकड्यांच्या भाषेत संवाद केला होता. आता समोर संख्या उभी राहिली. संख्येला उत्तर संख्येनेच देता येईल, असा विचार कोणा तरी बैठकीत झाला असावा, असे पुढील घटनाक्रमावरून अनुमान करता येते.

२०१७ मध्ये अजित पै यांच्या अध्यक्षतेखाली एफसीसीने २०१५ चे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. दप्तर क्रमांक १७-१०८ मध्ये २ कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय जमा झाले. त्यांत एकसारखा मजकूर आणि मृत व्यक्तींचीही नावे आढळल्यावर न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी आरंभिली. मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सुमारे १ कोटी ८० लाख अभिप्राय बनावट होते. त्यांपैकी ८५ लाख अभिप्रायांचे मूळ ब्रॉडबँड उद्योगाच्या मोहिमेत होते. 'ब्रॉडबँड फॉर अमेरिका' या आघाडीमार्फत कंपन्यांनी या कामी ४२ लाख डॉलर खर्च केले होते. दुसऱ्या बाजूसही ७७ लाख बनावट अभिप्राय होते आणि ते कॅलिफोर्नियातील एका १९ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने काल्पनिक नावांनी पाठविले होते.

या दोन बाजूंची तुलना केवळ आकड्यांनी करणे योग्य होणार नाही. विद्यार्थ्याने नावे रचली. उद्योगाच्या मोहिमेत खऱ्या माणसांची नावे वापरली गेली. कामाची साखळी अशी होती : कंपन्यांनी आघाडीस पैसे दिले, आघाडीने सल्लागार नेमले, सल्लागारांनी 'लीड जनरेशन' करणाऱ्या, म्हणजे ग्राहकांची नावे-पत्ते गोळा करून विकणाऱ्या, कंपन्यांना कंत्राट दिले. बक्षिसांचे आमिष दाखवून लोकांची संमती मिळवावयाची, अशी योजना होती. त्याऐवजी कंत्राटदारांनी अन्यत्र जमविलेल्या जुन्या याद्यांतील नावे बिनदिक्कत भरली. मोहिमेच्या प्रमुखांनी धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष केले, असे अहवालाने नोंदविले. तथापि ब्रॉडबँड कंपन्यांना या फसवणुकीची प्रत्यक्ष माहिती होती, असा पुरावा आढळला नाही. फ्लुएंट, ऑप्ट-इंटेलिजन्स आणि रिअ‍ॅक्ट टू मीडिया या तीन कंत्राटदार कंपन्यांनी मिळून ४४ लाख डॉलरचा दंड मान्य केला.

१९३५ आणि २०१७ यांतील खरे साम्य येथे आहे. बनावट नावे ही वरवरची खूण झाली. मूळ गोष्ट आहे ती साखळीची लांबी. वॉरनमधील पोऱ्या आणि कंपनीचे संचालक मंडळ यांच्यामध्ये दोन-चार माणसे होती. २०१७ मध्ये त्यांच्या जागी करारपत्रे आली. प्रत्येक कडीने आपल्या खालच्या कडीला काम सोपविले आणि ते कसे होते हे विचारले नाही. अशा साखळीत जनसंपर्क अधिकाऱ्याचे स्थान मध्यवर्ती असते, कारण 'किती अभिप्राय हवेत' हा आकडा त्याच्या टेबलावरून खाली जातो आणि 'इतके मिळाले' हा आकडा त्याच्याच टेबलावरून वर जातो. त्या दोन आकड्यांच्या मधले जग पाहण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते न जाणण्याची ही सोय हीच आधुनिक उद्योगसंघाची सर्वांत मौल्यवान मालमत्ता ठरली आहे. लींच्या जाहीरनाम्यात तिला जागा नव्हती.

डिसेंबर २०१७ मध्ये एफसीसीने तीन विरुद्ध दोन मतांनी २०१५ चे नियम रद्द केले. निर्णय अभिप्रायांच्या संख्येवर आधारलेला नाही, अशी आयोगाची भूमिका होती आणि बनावट ठरविलेले अभिप्राय दप्तरातून काढून टाकण्यास त्याने नकार दिला. एप्रिल २०२४ मध्ये नियम पुन्हा आले; २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किट न्यायालयाने ते अवैध ठरविले. या खटल्यातही आव्हान देणाऱ्यांच्या यादीत अग्रभागी एक राज्यस्तरीय दूरसंचार संघ होता, तो ओहायोचा.

भारतातील एक समांतर प्रकरण

हाच वाद भारतात २०१५ मध्ये आला आणि त्याचा महाराष्ट्राशीही संबंध होता. फेसबुकची 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही निवडक संकेतस्थळे विनामूल्य दाखविणारी योजना त्या वर्षी फेब्रुवारीत रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ज्या सहा राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. भारतात ब्रॉडबँड जोडण्या बहुतांशी मोबाइलवरच असल्याने उद्योगाची बाजू सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया या १९९५ पासूनच्या संघाने मांडली. मार्च २०१५ मध्ये ट्रायने काढलेल्या विचारणा-पत्रावर दहा लाखांहून अधिक ईमेल आले आणि ते प्रामुख्याने नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूचे होते. त्यास उत्तर म्हणून या संघाने 'सबका इंटरनेट, सबका विकास' ही मोहीम उभारली. घोषणा कोणाला आवडो वा न आवडो, ती संघाने स्वतःच्या नावाने दिली होती, हे नमूद केले पाहिजे.

वर्षअखेरीस फेसबुकने आपल्या सदस्यांकडून तयार मजकुराचे संदेश लाखोंच्या संख्येने ट्रायकडे पाठविले. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने कंपनीस पत्र लिहून कानउघाडणी केली. विचारलेल्या प्रश्नांना या संदेशांत उत्तरेच नाहीत आणि विचारविनिमयाच्या प्रक्रियेचे रूपांतर घडवून आणलेल्या मतमोजणीत केले जात आहे, असा त्या पत्राचा रोख होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास बंदी घातली.

ट्रायच्या कार्यपद्धतीतही दोष होते. एप्रिल २०१५ मध्ये आलेले सर्व अभिप्राय प्रसिद्ध करताना त्याने लाखो नागरिकांचे ईमेल पत्ते जसेच्या तसे उघड केले आणि त्यावर रास्त टीका झाली. प्रत्येक अभिप्रायामागे माणूस आहे याची खातरजमा व्हावी, तर नावपत्ता तपासता आला पाहिजे. आणि नावपत्ता उघड केला, तर तोच उद्या कोणा कंत्राटदाराच्या यादीत जाण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कच्या अहवालातील नावे अशाच याद्यांतून आली होती. या पेचावर समाधानकारक उपाय एफसीसीला किंवा ट्रायला अद्याप सापडलेला दिसत नाही.